एकाच घरातली दोन वजनांची मतं

नमस्कार ताई,

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले. मिस्टरांच्या नोकरीमुळे 1999 साली न्यू जर्सीत आलो आणि इथलेच झालो. 2019 मध्ये दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. 2020 ची निवडणूक कोविडमुळे टपालाने झाली. तेव्हा जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून आम्ही मतपत्रिका भरल्या, पाकिटं चिकटवली आणि चालत जाऊन ड्रॉप बॉक्समध्ये टाकली. मिस्टरांनी त्या पेटीसमोर माझा फोटोही काढला होता.

2024 मध्ये मात्र ते मत द्यायला आलेच नाहीत. "न्यू जर्सीचा निकाल आधीच ठरलेला असतो. आपण गेलो काय, न गेलो काय," असं म्हणाले. मी एकटीच गेले.

खरी कुरबुर पुढची आहे. आमची मुलगी फिलाडेल्फियात शिकते आणि तिने तिथेच मतदार म्हणून नाव नोंदवलं. त्या दोन महिन्यांत तिला दिवसाला दहा-दहा मेसेज यायचे, दारावर कार्यकर्ते यायचे, गल्लीत सभा व्हायच्या. आमच्याकडे साधं पत्रकही कुणी टाकलं नाही. मिस्टर तिला रोज लिहायचे, "तुझं मत आम्हा दोघांच्या मतांपेक्षा भारी आहे. मी सांगतो तिथे टाक." तिने मत दिलं, पण कुणाला ते सांगितलं नाही. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलतात.

मिस्टर म्हणतात, "आपल्या गावात सरपंचसुद्धा लोक थेट निवडतात. ज्या देशात राष्ट्राध्यक्ष थेट निवडत नाहीत, तिथे मी मत देणार नाही." त्यांचं चुकतंय का? राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायला नको का? आणि पुढच्या वेळी मी परत एकटीच जाऊ का?

एक आई, न्यू जर्सी

*

प्रिय ताई,

आधी तुमच्या मिस्टरांची बाजू घेते, कारण ती घेण्यासारखी आहे. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जावा, असं मला स्वतःला ठामपणे वाटतं. मीही गेली तीस वर्षं याच राज्यात राहते, वीसेक वर्षांपासून इथे मत देते आणि अलीकडे आमच्या भागातल्या मतदान केंद्रावर कामही करते. त्यांना जे खुपतंय ते मलाही खुपतं. पण त्यांचं निदान थोडं चुकलंय आणि औषध तर पुरतं चुकलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निदानापासून सुरुवात करू. मुलीचं मत "भारी" आहे असं ते म्हणतात. आता आकडे बघा. राष्ट्राध्यक्ष निवडतात ते 538 इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांनी त्यासाठी नेमलेले प्रतिनिधी, आणि जिंकायला 270 लागतात. न्यू जर्सीला त्यातले 14 आहेत, आणि तुमच्या मुलीचं फिलाडेल्फिया ज्या राज्यात येतं त्या पेन्सिल्वेनियाला 19. 2020 च्या जनगणनेत न्यू जर्सीची लोकसंख्या सुमारे 93 लाख होती, पेन्सिल्वेनियाची सुमारे 1 कोटी 30 लाख. भागाकार केलात तर न्यू जर्सीत साधारण 6 लाख 63 हजार माणसांमागे एक इलेक्टर येतो आणि पेन्सिल्वेनियात 6 लाख 84 हजारांमागे एक. म्हणजे हिशेबाच्या वहीत तुमचंच मत मुलीच्या मतापेक्षा किंचित जड आहे!

मग तिच्या दारावर कार्यकर्ते का आले? कारण राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर मिळतात. पेन्सिल्वेनिया काठावर आहे, न्यू जर्सी नाही. 1992 पासून आपल्या राज्याने प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक उमेदवारालाच कौल दिलाय. मग दोन्ही पक्षांनी इथे पैसा आणि माणसं कशाला खर्च करायची? 2024 मध्ये इथे साडेएकोणीस लाखांहून जास्त लोकांनी ट्रम्प यांना मत दिलं आणि त्यांच्या पदरात एकही इलेक्टर पडला नाही. कमला हॅरिस यांना मिळालेली बावीस लाख मतं चौदा लाख असती तर त्या हरल्या असत्या. तीस लाख असती तरी इलेक्टर चौदाच मिळाले असते. मतदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला आपलं मत मोरीतून वाहून गेल्यासारखं वाटतं ते इथे.

दुसरं एक उदाहरण माझ्या मनातून जातच नाही. 2020 मध्ये ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्यात पडली असतील? टेक्सासमध्ये नाही, फ्लोरिडातही नाही. कॅलिफोर्नियात, साठ लाखांवर. त्या साठ लाखांच्या वाट्याला इलेक्टर आले शून्य.

आणि ही सगळं-एकालाच-देण्याची रीत संविधानात कुठेही लिहिलेली नाही. इलेक्टर कसे नेमायचे ते प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं, एवढंच संविधान म्हणतं. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं काही इलेक्टर मतदारसंघनिहाय देतात. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघून ही रीत उचलली. आपल्या राज्याचं वजन वाटून टाकायचं आणि शेजाऱ्याने एकगठ्ठा ठेवायचं, हे कुणाला परवडणार?

लहान राज्यांना जास्तीचं माप मिळतं हेही खरंच आहे. वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख लोकांना तीन इलेक्टर, म्हणजे एकामागे दोन लाखांहूनही कमी माणसं. कॅलिफोर्नियात एकामागे सव्वासात लाखांच्या वर. हा अन्याय आहेच. पण प्रचाराला वायोमिंगलाही कुणी जात नाही, कारण तिथलाही निकाल ठरलेला असतो. लहान राज्यांकडे कुणी बघावं म्हणून ही पद्धत हवी, असं सांगणाऱ्यांना मी हेच विचारते: तुमच्या गावात शेवटचा उमेदवार कधी आला होता? 2024 मध्ये दोन्ही उमेदवारांचा मुक्काम पेन्सिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा या सात राज्यांत होता. उरलेल्या देशाकडे ते आले ते मुख्यतः देणग्यांसाठी.

याचे परिणामही आपण बघितलेत. 2000 मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती, पण फ्लोरिडात जॉर्ज बुश 537 मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतही त्याहून मोठा फरक पडतो. त्या पाच आठवड्यांत टीव्हीवर अधिकारी मतपत्रिका दिव्यासमोर धरून मताचं भोक नीट पडलंय की नाही ते बघत बसलेले मला अजून आठवतात. मी तेव्हा नागरिक नव्हते, तरी रात्र-रात्र बघत बसले होते. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली आणि त्या हरल्या.

हे ऐकून पुष्कळांना वाटतं की हा एकाच पक्षाचा रडगाणं गाण्याचा विषय आहे. तसं नाही. 2004 मध्ये बुश देशभरात तीस लाखांनी पुढे होते. पण एकट्या ओहायोत त्यांची आघाडी 1 लाख 18 हजारांची होती. तिथल्या साठेक हजार लोकांनी मत बदललं असतं, तर तीस लाखांनी मागे असलेले जॉन केरी राष्ट्राध्यक्ष झाले असते. 2020 मध्ये बायडन सत्तर लाखांनी पुढे होते. जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या आघाड्यांची बेरीज जेमतेम 43 हजार होती. ती तीन राज्यं गेली असती तर 269 विरुद्ध 269 अशी बरोबरी झाली असती. मग निर्णय काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहात, तिथे प्रत्येक राज्याला एक मत, म्हणजे कॅलिफोर्नियाला एक आणि वायोमिंगलाही एक. आणि 2024 मध्ये ट्रम्प यांनी इलेक्टरही जिंकले आणि देशातली एकूण मतंही. तेव्हा थेट निवडणूक हवी का, याचं उत्तर "मग आपला माणूस आला असता का" यावरून द्यायचं नाही. तुमच्या मिस्टरांनाही हे एकदा विचारा. त्यांच्या नावडत्या उमेदवाराला देशात एकूण मतं जास्त पडली, तर त्याचा विजय ते मान्य करतील का? त्यांनी मनापासून हो म्हटलं तर ते खरे थेट निवडणूकवाले. मी हो म्हणते. म्हणताना त्रास होतो, तरी म्हणते.

मग ही पद्धत आली कुठून? "लहान राज्यांना सांभाळायला" हे शाळेत सांगतात ते उत्तर अर्धंच आहे. 1787 मध्ये फिलाडेल्फियात, तुमची मुलगी शिकते त्याच शहरात, संविधान सभा भरली होती. पेन्सिल्वेनियाचे जेम्स विल्सन यांनी तिथे थेट लोकांच्या निवडणुकीची कल्पना मांडली. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन म्हणाले की तत्त्व म्हणून लोकांनी निवडणं हेच सर्वांत योग्य, पण अडचण अशी की उत्तरेत मतदार जास्त आहेत; दक्षिणेची वस्ती मोठी असली तरी तिच्यात गुलाम आहेत आणि त्यांना मत नाही. थेट निवडणुकीत दक्षिणेचं वजन घटलं असतं. इलेक्टरांच्या पद्धतीत मात्र ते टिकलं, कारण इलेक्टरांची संख्या काँग्रेसमधल्या जागांवर ठरते आणि त्या जागा मोजताना पाच गुलामांची तीन माणसं धरली जात. ज्याला मत नाही, ज्याची विक्री होते, त्याला मोजायचं, आणि ते वजन त्याच्या मालकाच्या पारड्यात टाकायचं! पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षं राष्ट्राध्यक्षपद व्हर्जिनियाच्या माणसांकडे होतं आणि ते चौघेही गुलामांचे मालक होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. वेशीबाहेरच्या वस्तीला गावाच्या शिरगणतीत धरायचं आणि पाणवठ्यावर मात्र येऊ द्यायचं नाही, हे आपण जन्मापासून ऐकत आलेली माणसं. आपल्याला हे समजायला वेगळं शिक्षण लागत नाही.

ही पद्धत मोडायची सगळ्यात चांगली संधी 1970 मध्ये हुकली. त्याआधी 1968 च्या निवडणुकीत वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली होती. कुणालाच बहुमत मिळू द्यायचं नाही आणि मग सौदा करायचा, हा त्यांचा डाव थोडक्यात फसला. दोन्ही पक्ष हादरले. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती लावून धरली. सप्टेंबर 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने ती 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीही तिला पाठिंबा दिला. नंतरच्या वर्षी सिनेटमध्ये स्ट्रॉम थरमंड, सॅम अर्विन अशा दक्षिणेकडच्या सदस्यांनी भाषणांवर भाषणं करून ती अडवून धरली. चर्चा संपवा, या ठरावाला 54 मतं पडली आणि विरोधात 36. बहुमत होतं, पण चर्चा संपवायला लागणारं दोनतृतीयांश नव्हतं. ते काम तिथेच राहिलं.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर तुमचे मिस्टर म्हणतील मी त्यांना खूश करायला लिहिलं. थेट निवडणुकीतही खोट राहू शकते. तीन-चार तगडे उमेदवार असले तर पस्तीस टक्क्यांवर कुणीतरी निवडून येईल आणि पासष्ट टक्के लोकांना तो नकोसा असेल. त्यावर उपाय आहेत. फ्रान्समध्ये 1965 पासून राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात, आणि पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. मेन राज्यात मतदार पसंतीक्रम लिहितात. मला फ्रान्सची पद्धत साधी आणि बरी वाटते. दुसरा आक्षेप फेरमोजणीचा: फ्लोरिडासारखा घोळ देशभर झाला तर? भीती रास्त आहे, पण पंधरा कोटी मतांत फरक पाचशेचा राहण्याची शक्यता किती, आणि एखाद्या राज्यात राहण्याची किती? आता तर पन्नास ठिकाणी काठावर येण्याची सोय करून ठेवलीय. तिसरी गोष्ट मात्र मी मनाशी कायम बाळगून असते. थेट मत हे हुकूमशाहीपासून कवच नव्हे. फ्रान्सनेच 1848 मध्ये लुई नेपोलियनला प्रचंड बहुमताने थेट निवडून दिलं, आणि तीन वर्षांनी त्याने सत्ता बळकावून प्रजासत्ताकच गुंडाळलं. कोर्ट, वर्तमानपत्रं, विधिमंडळ हे सगळं जागं असावं लागतं. मत त्या सगळ्याची जागा घेत नाही.

सरपंचाचा दाखला तुमच्या मिस्टरांनी दिला, तो ऐकून मला माझं माहेर आठवलं. महाराष्ट्रात थेट सरपंच 2017 मध्ये आला, 2020 मध्ये गेला, 2022 मध्ये परत आला. सरकार बदललं की नियम बदलला. माहेरच्या गावात सरपंच एका पॅनेलचे निवडून आले आणि सदस्य बहुतेक दुसऱ्या पॅनेलचे. मी उन्हाळ्यात गेले होते तेव्हा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नव्या बोअरच्या मोटारीचं खोकं तसंच पडलेलं होतं, वर धूळ, कडेला कोंबड्या. बिलाला मंजुरी कुणी द्यायची, यावर बैठकामागून बैठका झडत होत्या. सरपंच म्हणायचे मला गावाने निवडलंय, सदस्य म्हणायचे आम्हालाही गावानेच निवडलंय. दोघांचंही खरं होतं, आणि बायका टँकरच्या रांगेत. तरीही गावात कुणाला विचारलं की थेट सरपंच नको का, तर बहुतेक जण म्हणायचे, असू दे, निदान आम्ही निवडलेला आहे. आधी सदस्यांना सहलीला नेऊन सरपंच ठरायचा. मला त्या उत्तरात तथ्य वाटतं. अडवाअडवी थेट निवडणुकीशिवायही होते, आणि अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस एकमेकांना अडवतील अशीच रचना मुळात केलेली आहे. त्यामुळे थेट निवडणुकीने ती नव्याने बिघडेल असं मला वाटत नाही.

"मग भारतात राष्ट्रपती कुठे थेट निवडतात?" असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि माझ्या मते तिथे ते योग्यच आहे. संविधान सभेत के. टी. शाह यांनी राष्ट्रपती प्रौढ मतदानाने निवडावा असं सुचवलं होतं, ते मान्य झालं नाही. आंबेडकरांनी राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं असल्याचं सभेला सांगितलं होतं: तो राज्याचा प्रमुख, कारभाराचा नव्हे. कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाचा. कोट्यवधी लोकांनी मत देऊन निवडलेल्या माणसाला मग "तुम्ही फक्त सही करा" कसं सांगणार? म्हणून तिथे खासदार-आमदार मतं देतात, आणि आमदाराच्या मताचं मूल्य 1971 च्या लोकसंख्येवर ठरतं: महाराष्ट्राच्या आमदाराचं 175, गोव्याच्या आमदाराचं 20, सिक्कीमच्या आमदाराचं 7. माणसं जास्त तिथे मूल्य जास्त. इथे व्हाइट हाउसमध्ये बसणाऱ्याच्या हातात फौज आहे, नकाराधिकार आहे, न्यायाधीशांच्या नेमणुका आहेत, तुमच्या-माझ्या नातेवाइकांच्या व्हिसाची धोरणं आहेत. एवढी सत्ता ज्याच्या हाती, त्याला निवडताना मधे कुणी नको.

आता औषधाकडे येते. थेट निवडणूक होईपर्यंत मत देणार नाही, असं तुमचे मिस्टर म्हणतात. पण ती होईल कशी? घटनादुरुस्तीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश आणि 38 राज्यांची मंजुरी लागते. दुसरा रस्ता राज्यांनी शोधलाय: देशात ज्याला एकूण मतं जास्त, त्यालाच आमचे इलेक्टर, असा करार. करारातल्या राज्यांचे इलेक्टर 270 झाले की तो लागू होणार. दोनशेच्या पुढे ते गेलेले आहेत. आणि हा कायदा करणारं मेरीलँडनंतरचं दुसरं राज्य कोणतं माहीत आहे? न्यू जर्सी, जानेवारी 2008. ते कुणी केलं? ट्रेंटनमधल्या, म्हणजे आपल्या राज्याच्या राजधानीतल्या आमदारांनी. त्यांना कुणी निवडलं? ज्या निवडणुकांना आपल्यातले कितीतरी जण फिरकत नाहीत, त्या विषम वर्षांतल्या निवडणुकांत मत देणाऱ्यांनी. पुढे तो कायदा टिकवायचा की रद्द करायचा, हेही तेच ठरवणार. घरी बसलेल्या माणसाची नाराजी ट्रेंटनला कळत नाही. तिथे फक्त यादीत कुणापुढे खूण आहे ते दिसतं.

मतदान केंद्रावर मी पहाटे सव्वापाचला पोचते. शाळेच्या जिममध्ये टेबलं लावतो, दोन्ही पक्षांची माणसं शेजारी-शेजारी बसतो, सहा वाजता दार उघडतं आणि रात्री आठला बंद होतं. 2024 मध्ये आठला दहा कमी असताना एक माणूस धावत आला, अंगावर हॉस्पिटलचे निळे कपडे, गळ्यात ओळखपत्र तसंच. सही करताना हात थरथरत होता, दिवसभर उभा असावा. त्याने मला एवढंच विचारलं, "शाळेचं कुठे आहे यात?" मी नमुना मतपत्रिकेवर बोट ठेवून शाळा मंडळाचा रकाना दाखवला. त्याने तो आधी भरला असणार, असं मला उगाच वाटतं. आपल्या घरपट्टीचा सगळ्यात मोठा हिस्सा शाळांना जातो, आणि ते मंडळ कधीकधी शंभर-दीडशे मतांच्या फरकाने ठरतं. तिथे इलेक्टर नसतात. तुमचं एक म्हणजे एकच.

एका मताने काय होतं, असं ते म्हणाले तर व्हर्जिनियाची गोष्ट सांगा. 2017 मध्ये तिथल्या विधानसभेच्या एका मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना 11,608 अशी नेमकी सारखी मतं पडली. जानेवारीत एका मोठ्या वाडग्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली. त्या एका चिठ्ठीने सभागृहात बहुमत कुणाचं ते ठरलं, 51 विरुद्ध 49. त्या मतदारसंघात त्या दिवशी घरी राहिलेले कितीतरी जण असतील.

आता मुलगी. ताई, इथे मी तुमच्या मिस्टरांच्या विरुद्ध आहे आणि स्पष्ट लिहिते. कॉलेजच्या गावी नाव नोंदवायचा तिला पूर्ण हक्क आहे. दोन्हीकडे मिळून मत एकदाच द्यायचं, एवढाच नियम, आणि तो तिने पाळलाय. तिने मत कुणाला दिलं हे न सांगणं हा तुमचा अपमान नाही. आपल्या आज्यांना गावचे पाटील सांगायचे, "त्या चिन्हावर मार," आणि आज्या पदर सावरत मान हलवायच्या. आत पडद्यामागे त्यांनी काय केलं ते कुणालाच कळलं नाही, नवऱ्यालाही नाही, आणि तेवढा एक कोपरा त्यांच्या आयुष्यात पूर्णपणे त्यांचा होता. तुमच्या मुलीने तोच कोपरा राखलाय. तिच्या बाबांना राज्यांच्या हिशेबाचा राग आला, म्हणून त्यांनी तिच्या मतात आपलं मत मिळवून बघितलं. त्यांचं दुःख मला कळतं. पाच वर्षं वाट बघून, शपथेला उभं राहून मिळवलेली गोष्ट हलकी निघाल्यासारखी वाटली त्यांना. पण त्याची भरपाई पोरीकडून करून घ्यायची नाही. ते मेसेज चुकले, एवढं त्यांनी तिला स्वतःहून म्हणावं. तुम्ही मधे निरोप्या होऊ नका.

आणि तुम्ही एकटीने जायचं का? हो, जा. ते आले नाहीत तरी जा. पण या वेळी दाराशी उभं राहून "येताय का?" असं आयत्या वेळी विचारू नका. निवडणुकीच्या आधी टपालाने नमुना मतपत्रिका येते. बहुतेक घरांत ती पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात जाते. ती काढून ठेवा. ज्या टेबलावर 2020 मध्ये पाकिटं चिकटवली, त्यावरच ती पसरा, दोन कप चहा ठेवा आणि राष्ट्राध्यक्षाचा रकाना असलाच तर त्यावर बशी ठेवून झाकून टाका. उरलेला कागद दोघांनी मिळून वाचा: काउंटी कमिशनर, टाउनशिप, शाळा मंडळ, खाली छापलेला सार्वजनिक प्रश्न. किती नावं ओळखीची निघतात ते मोजा. जी ओळखीची नसतील त्यांची माहिती काढायचं काम मिस्टरांवर सोपवा. आकड्यांत आणि नियमांत त्यांचं डोकं चालतं, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतंय. मत कुणाला द्यायचं ते मात्र दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही.

तुमची ताई